दुरुस्त केलेला नियम पुन्हा मोडतो तेव्हा: बिझनेस लॉजिकच्या थरांची तपासणी

बग सुधारला, टेस्टरने पास केला, तिकीट बंद झालं. तीन आठवड्यांनी तोच बग दुसऱ्या स्क्रीनवर. तिथे सुधारला, तर महिनाअखेरच्या अहवालात. हा प्रकार मी इतक्या वेळा निस्तरला आहे की आता तिकिटाचं शीर्षक वाचूनच अंदाज येतो. भाषा आणि फ्रेमवर्क दर वेळी वेगळं असतं, दोष मात्र तोच निघतो: व्यवहाराचा नियम (बिझनेस लॉजिक) एक, आणि तो लिहिलेली ठिकाणं पाच.

मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम खाली दिला आहे. पहिल्या तीन तपासण्यांना तासभर पुरतो आणि कोडच्या एका ओळीलाही हात लावावा लागत नाही. शेवटच्या तपासणीला आठवडे लागू शकतात. क्रम मोडू नका. बऱ्याच टीम थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, नवी रचना आखतात, आणि सहा महिन्यांनी जुना घोळ आणि नवा घोळ असे दोन्ही सांभाळत बसतात.

उदाहरणासाठी एकच नियम शेवटपर्यंत धरतो: «माल रवाना झाल्यावर ऑर्डर रद्द करता येत नाही, त्याआधी रद्द केली तर पूर्ण पैसे परत.»

लक्षणं

- वेबवर «रद्द करा» बटण दिसत नाही, पण मोबाइल ॲपमधून तीच ऑर्डर बिनदिक्कत रद्द होते.
- स्क्रीनवरची परताव्याची रक्कम आणि पावतीवरची रक्कम यांत शेवटच्या आकड्याचा फरक पडतो, तोही कधीतरीच.
- «हा नियम नेमका कुठे लिहिलाय?» असं विचारलं की तिघं तीन फायली दाखवतात, आणि तिघंही बरोबर असतात.
- परताव्याचा साधा हिशेब तपासणाऱ्या टेस्टला चालू डेटाबेस लागतो, लॉगिन केलेला वापरकर्ता लागतो, आणि तरीही ती आज पास होते, उद्या होत नाही.
- टेबलातल्या कॉलमचं नाव बदललं की स्क्रीन मोडते.
- रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबने केलेले बदल सकाळी कोणीतरी हाताने परत फिरवतं, आणि हे आता त्या व्यक्तीचं रोजचं काम होऊन बसलं आहे.
- चार हजार ओळींची एक «ऑर्डर सर्व्हिस» आहे आणि तिच्यात हात घालायला कोणी तयार नसतं.

शेवटचं लक्षण एकटंच असेल तर घाबरू नका. फाइल मोठी असली तरी नियम तिथे एकदाच आणि तिथेच लिहिलेला असेल, तर तुमची अडचण वेगळी आहे आणि तुलनेने सोपी आहे. दोनशे नीटनेटक्या छोट्या फायलींत विखुरलेला नियम शोधायला मला याहून कितीतरी जास्त दिवस लागले आहेत.

तपासण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू

थर म्हणजे फोल्डर नव्हे. «कंट्रोलर», «सर्व्हिस», «रिपॉझिटरी» असे तीन फोल्डर केल्याने थर तयार होत नाहीत. कोणाला कोणाची माहिती आहे, यावर थर ठरतो. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमची रचना थरांमध्ये मांडली, तेव्हाही मुद्दा हाच होता: खालचा थर वरच्या थरावर अवलंबून नसल्यामुळे तो एकटा तपासता येतो. आपल्या कामात याचा अर्थ असा की परताव्याचा नियम वेबची रिक्वेस्ट ओळखत नाही, टेबल ओळखत नाही, ईमेल पाठवणारी लायब्ररी ओळखत नाही. ती सगळी मंडळी नियमाकडे येतात. नियम त्यांच्याकडे जात नाही.

दुसरा गैरसमज «मॉडेल» या शब्दाचा. १९७९ मध्ये ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मॉडेल, व्ह्यू (दिसणारा भाग), कंट्रोलर (वापरकर्त्याच्या कृती हाताळणारा भाग) ही विभागणी मांडली तेव्हा मॉडेल म्हणजे त्या विषयाचं ज्ञान असं त्यांना अभिप्रेत होतं. पुढे वेब फ्रेमवर्कमध्ये मॉडेल म्हणजे टेबलाची सावली असा अर्थ रुळला. मॉडेलमध्ये फक्त कॉलम उरले, मग नियम जाणार कुठे? जिथे जागा मिळाली तिथे गेले, आणि बहुतेक वेळा ती जागा कंट्रोलरची होती.

तपासणी १: नियम एका वाक्यात लिहा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. जो नियम पुन्हा पुन्हा मोडतोय तो साध्या मराठीत लिहा आणि व्यवहार पाहणाऱ्या माणसाला दाखवा, प्रोग्रामरला नाही. «रवाना» म्हणजे काय? लेबल छापलं ते, की माल वाहतूकदाराच्या हाती गेला ते? हा प्रश्न विचारल्यावर खोलीत शांतता पसरली, तर तुम्हाला बगचं मूळ सापडलं. वेबच्या कोडने लेबल हा क्षण धरला होता, मोबाइलच्या कोडने हस्तांतरणाचा. दोन्ही कोड बरोबर चालत होते.

ही तपासणी पहिली का, तर थर कितीही नीट लावले तरी न ठरलेला नियम त्यांनी ठरत नाही. अशा वेळी कोड हलवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तपासणी २: निर्णय किती ठिकाणी होतो ते मोजा

संपूर्ण कोडमध्ये त्या स्थितीचं नाव आणि त्या कॉलमचं नाव शोधा. फक्त मुख्य भाषेच्या फायली पाहू नका. टेम्प्लेट, जावास्क्रिप्ट, एसक्यूएल फायली, अहवालांच्या व्याख्या, कॉन्फिगरेशन, सगळं धरा. सापडलेल्या ओळींचे दोन गट करा: जिथे «रवाना» हा शब्द नुसता दाखवला जातो त्या, आणि जिथे त्यावरून काही ठरतं त्या. फक्त दुसरा गट मोजा.

एकच जागा निघाली तर थरांचा दोष नाही. साधा बग शोधा. दोन निघाल्या आणि दुसरी स्क्रीनवर बटण लपवण्यापुरती असेल, तर ते चालतं. मात्र स्क्रीनने स्वतः स्थिती तपासू नये. सर्व्हरने उत्तरात «रद्द करता येते: हो किंवा नाही» एवढं पाठवावं आणि स्क्रीनने ते मानावं. तीन किंवा अधिक निघाल्या तर निदान पक्कं समजा.

इथे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचा एक पर्याय फार उपयोगी पडतो: गिट लॉगला मोठ्या लिपीतला एस (-S) जोडून शब्द दिला, की तो शब्द ज्या ज्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) वाढला किंवा कमी झाला त्या सगळ्या दिसतात. नियमाची प्रत कधी आणि कोणत्या घाईत झाली ते त्या यादीतून कळतं. ज्याने केली त्याला दोष देण्यासाठी हे करू नका. त्या वेळी नियमाला हक्काची जागा नव्हती, म्हणूनच प्रत झाली.

तपासणी ३: फाइलीचं डोकं वाचा

ज्या फायलींत निर्णय सापडला त्यांच्या फक्त इम्पोर्टच्या ओळी वाचा. परताव्याचा हिशेब करणारी फाइल एचटीटीपी रिक्वेस्ट, सेशन, डेटाबेस कनेक्शन किंवा टेम्प्लेट यांपैकी काही आयात करत असेल, तर तो नियम त्या गोष्टीशी बांधला गेला आहे. रिक्वेस्टशी बांधलेला नियम रात्रीच्या जॉबला वापरता येत नाही, कारण रात्री रिक्वेस्टच नसते. मग जॉब लिहिणारा तोच नियम पुन्हा लिहितो. प्रती अशाच होतात.

तपासणी ४: आत यायच्या सगळ्या वाटा मोजा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, आणि एकच तपासणी करायला वेळ असेल तर हीच करा असं सांगेन.

कागद घ्या. ऑर्डरची स्थिती बदलू शकणारी प्रत्येक वाट लिहा: वेब स्क्रीन, मोबाइलचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने बोलायची वाट), भागीदारांना दिलेला एपीआय, सीएसव्ही आयात, ठरलेल्या वेळी चालणारे जॉब, मेसेज क्यू (संदेशांची रांग) वाचणारा कोड, ॲडमिन पॅनेल, आणि सपोर्टच्या माणसाने थेट डेटाबेसवर चालवलेली क्वेरी. ही शेवटची वाट लोक हमखास विसरतात. प्रत्येक वाटेसमोर दोन गोष्टी लिहा: नियम तपासला जातो का, आणि कोणत्या फायलीत.

एका कामात या कागदावर नऊ वाटा निघाल्या. टीमला चार माहीत होत्या. ॲडमिन पॅनेल फ्रेमवर्कने आपोआप तयार केलेलं होतं. ते टेबलावर थेट लिहायचं आणि कोणताही नियम पाहायचं नाही. «महिन्यातून दोनदा भूत येतं» असं ज्या बगबद्दल बोललं जायचं, तो या पॅनेलमधून येत होता. महिन्यातून दोनदा कोणीतरी प्रामाणिकपणे थकलेल्या ऑर्डरी साफ करत होतं.

ॲलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये मांडलेली षट्कोनी रचना, म्हणजे पोर्ट आणि अडॅप्टर, नेमका याच दुखण्यावरचा उपाय आहे. माणूस, दुसरा प्रोग्राम, टेस्ट, जॉब, कोणीही आलं तरी आतला नियम एकाच पद्धतीने बोलावला जातो. षट्कोनाच्या सहा बाजूंना काही विशेष अर्थ नाही. वाटा दोनच नसतात हे चित्रात दिसावं, एवढ्यासाठी त्या आहेत. तुम्हाला हे नाव वापरायची गरज नाही. कागदावरच्या सगळ्या रेघा एकाच जागी मिळाल्या की काम झालं.

तपासणी ५: डेटाबेस आणि ओआरएममध्ये लपलेले नियम

ट्रिगर (नोंद बदलली की डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड), स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड), व्ह्यू, कॉलमची डिफॉल्ट किंमत, आणि ओआरएममधले (टेबलाच्या ओळींना कोडमधल्या वस्तूंचं रूप देणाऱ्या लायब्ररीतले) «सेव्ह होण्याआधी» किंवा «सेव्ह झाल्यावर» चालणारे हुक यांची यादी काढा. कोड वाचताना हे दिसत नाहीत, म्हणून यांच्यावर संशयही जात नाही.

हुकांबाबत एक सापळा मी वारंवार पाहिला आहे. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये क्वेरीसेटचा अपडेट वापरून एकदम हजार ओळी बदलल्या, तर मॉडेलची सेव्ह पद्धत चालत नाही आणि सेव्हचे सिग्नलही जात नाहीत. रुबीच्या रेल्समध्ये अपडेट ऑल वापरलं की कॉलबॅक आणि व्हॅलिडेशन दोन्ही वगळली जातात. पीएचपीच्या लाराव्हेलमध्येही एलोक्वेंट या त्याच्या ओआरएममधून सामुदायिक अपडेट केलं की मॉडेलचे इव्हेंट उठत नाहीत. म्हणजे हुकमध्ये ठेवलेला नियम एकेक ऑर्डर रद्द करताना पाळला जातो, आणि कोणी वेग वाढवण्यासाठी तेच काम घाऊक केलं की निमूट गायब होतो. एरर नाही, लॉग नाही.

पण म्हणून डेटाबेसमधलं सगळं उपसून कोडमध्ये आणू नका. युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा), फॉरेन की, चेक कंस्ट्रेंट जिथे आहेत तिथेच राहू द्या. «या ऑर्डरला परतावा आधी दिला आहे का?» हे कोडने तपासलं आणि मग नोंद केली, तर एकाच क्षणी आलेल्या दोन रिक्वेस्ट दोघीही «नाही» असं वाचू शकतात आणि पैसे दोनदा जातात. हे युनिक इंडेक्स थांबवतो. थरांच्या शुद्धतेसाठी तो काढून टाकलेला मी पाहिला आहे, आणि त्याची किंमत खऱ्या पैशांत मोजावी लागली. माझी विभागणी अशी: कधीच खोटं पडू नये ते डेटाबेसमध्येही, परिस्थितीनुसार ठरतं ते फक्त कोडमध्ये.

तपासणी ६: घड्याळ आणि पूर्णांकन

शेवटच्या आकड्याचा फरक दिसत असेल तर आधी इथे पाहा. पायथन ३ मध्ये २.५ चं पूर्णांकन केलं तर २ मिळतात, कारण ते जवळच्या सम संख्येकडे जातं. जावास्क्रिप्टच्या मॅथ राउंडला तेच दिलं तर ३ मिळतात. ऋण संख्येत आणखी गंमत: जावास्क्रिप्ट उणे २.५ ला उणे २ करतं, तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये न्यूमेरिक प्रकारावर उणे ३ येतात. परतावे बहुतेक ठिकाणी ऋण रक्कम म्हणूनच नोंदवले जातात. तेव्हा स्क्रीनने एक हिशेब केला, सर्व्हरने दुसरा आणि अहवालाच्या क्वेरीने तिसरा, तर तिन्ही जागी प्रोग्रामरची चूक नसतानाही तीन उत्तरं येतील. पूर्णांकन हासुद्धा व्यवहाराचा नियम आहे. तो एका जागी लिहा, रक्कम दशांश प्रकारात किंवा सर्वांत लहान एककाच्या पूर्णांकात ठेवा, आणि स्क्रीनला तयार उत्तर द्या.

घड्याळाचंही तसंच. नियमाच्या आत «आत्ता किती वाजले» असं थेट विचारलेलं असेल, तर तो नियम सर्व्हरच्या टाइमझोनवर अवलंबून राहतो आणि त्याची टेस्ट मध्यरात्रीच्या आसपास नापास होते. वेळ बाहेरून द्या. ऑर्डर.रद्द_करा(वेळ) असं लिहिलं की नियम बाहेरच्या घड्याळावर अवलंबून राहत नाही आणि कोणत्याही तारखेसाठी तपासता येतो.

तपासणी ७: व्यवहार कुठे सुरू होतो, कुठे संपतो

इथून पुढे काम अवघड होतं. «परतावा मंजूर» असा ईमेल गेला, पण डेटाबेसमध्ये ऑर्डर जशीच्या तशी, असं घडत असेल तर ट्रान्झॅक्शनची (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही, अशा व्यवहाराची) हद्द चुकीच्या थरात आहे. ती नियमातही नसावी आणि कंट्रोलरमध्येही नसावी. दोघांच्या मधल्या पातळ थरात असावी: ऑर्डर आण, नियमाला विचार, साठव, कमिट कर (डेटाबेसमध्ये बदल कायम कर). ईमेल कमिटनंतर. कमिट आणि ईमेल यांच्या मध्येच सर्व्हर पडला तर काय, याचं उत्तर म्हणजे आउटबॉक्स: पाठवायचा संदेश त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहायचा आणि वेगळ्या जॉबने तो पाठवायचा. संदेश क्वचित दोनदा जाऊ शकतो, हे घेणाऱ्याने धरून चालावं लागतं.

जावाचं स्प्रिंग फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. मूळ प्रॉक्सी पद्धतीत एकाच क्लासमधल्या एका मेथडने दुसरी ट्रान्झॅक्शनल मेथड थेट बोलावली तर तिचं ॲनोटेशन लागू होत नाही. आणि चेक्ड एक्सेप्शन आलं तर डिफॉल्ट वर्तनात रोलबॅक होत नाही. «अर्धी नोंद» या नावाने आलेली तिकिटं मी बऱ्याचदा या दोन कारणांपाशी संपवली आहेत.

तपासणी ८: एकच नियम हलवा

एकच. संपूर्ण मॉड्यूल नाही.

आधी आजचं वर्तन जसं आहे तसं टेस्टमध्ये पकडा, चुकीचं असेल तरी. हलवताना काही बदललं तर लगेच कळावं, हा त्यामागचा हेतू. मग नियम काहीही आयात न करणाऱ्या एका फायलीत लिहा. त्याच्या टेस्टला डेटाबेस लागला तर अजून काहीतरी चिकटलेलं आहे असं समजा. त्यानंतर चौथ्या तपासणीतल्या कागदावरची एकेक वाट नव्या जागेकडे वळवा, दर वेळी वेगळ्या रिलीजमध्ये. सगळ्या वळल्या की जुन्या प्रती पुसा. पुसणं पुढे ढकललं जातं आणि तिथेच पुढच्या बगची सोय होते; म्हणून जुन्या प्रती पुसल्याशिवाय तिकीट बंद करू नका.

शेवटी राखणदार बसवा. जावासाठी आर्चयुनिट, पायथनसाठी इम्पोर्ट लिंटर, पीएचपीसाठी डेप्ट्रॅक, जावास्क्रिप्टसाठी डिपेंडन्सी क्रूझर ही साधनं «नियमांच्या फोल्डरने डेटाबेसचं फोल्डर आयात करायचं नाही» यासारखी अट बिल्डमध्येच तपासतात. रिव्ह्यू करणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी थकलेला असतो, बिल्ड थकत नाही.

या पायरीवर दोन उपाय हमखास सुचवले जातात आणि मी दोन्हींना विरोध करतो. एक, प्रत्येक गोष्टीला इंटरफेस आणि मधला क्लास. दहा फायली नुसता निरोप पुढे पोचवणाऱ्या झाल्या की वाचणाऱ्याला नियम आणखी खोल गाडलेला सापडतो. दोन, मायक्रोसर्व्हिस, म्हणजे ॲप्लिकेशन तोडून नेटवर्कवरून बोलणाऱ्या छोट्या स्वतंत्र सर्व्हिस करणं. विखुरलेला नियम तोडून वेगळ्या सर्व्हिसमध्ये नेला की तो विखुरलेलाच राहतो, फक्त मध्ये नेटवर्क येतं. आणि तुमचं ॲप्लिकेशन म्हणजे नोंदी भरायच्या आणि पाहायच्या एवढंच असेल, तर हे सगळं सोडून द्या. त्याला थरांची गरज नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- चुकीच्या नियमामुळे पैशांच्या नोंदी आधीच चुकल्या असतील. नियम सुधारा, पण जुन्या नोंदींवर स्वतः अपडेट क्वेरी चालवू नका. हिशेब पाहणारा माणूस आणि डेटाबेस प्रशासक दोघे बसले पाहिजेत; दुरुस्ती बहुधा उलट नोंद करून होते, जुनी नोंद खोडून नाही.
- ज्या ट्रिगरला हात लावायचा आहे तो डेटाबेस दुसरी ॲप्लिकेशनही वापरत असतील. तुमच्या कोडमध्ये काही तुटलं नाही म्हणजे कुठेच तुटलं नाही असं होत नाही.
- एक व्यवहार दोन डेटाबेसमध्ये किंवा दोन सर्व्हिसमध्ये पसरला असेल आणि अर्धवट राहत असेल. हे आधी केलेल्या माणसाशिवाय करू नका.
- नियम कर, औषधाची मात्रा, वेतन किंवा कायदेशीर मुदत यांचा असेल. नियमाचं वाक्य त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञाने लिहावं, तुम्ही फक्त कोड लिहा.
- टेस्ट नाहीत आणि बॅकअप परत चालू करून पाहिलेला नाही. तो आधी चालू करून दाखवा, मगच पुढे जा.

बोलावलेल्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी तीन कागद द्या: नियमाचं मान्य झालेलं वाक्य, निर्णय होणाऱ्या फायलींची यादी, आणि आत यायच्या वाटांचा तक्ता. हे हाती नसेल तर त्याचा पहिला आठवडा तेच गोळा करण्यात जातो.